गंगाराम तांबट आणि शाईची रेघ

उत्तर पेशवाईतील पुणे म्हटले म्हणजे मोहिमा, मसलती आणि दक्षिणेचा रमणा डोळ्यांपुढे उभा राहतो. याच पुण्यात एक कारागीर लेखणी आणि शाई यांच्या साहाय्याने पाहण्याची एक नवी रीत शिकत होता, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. गंगाराम चिंतामण तांबट हे त्याचे नाव.

१७८६ मध्ये इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट पुण्यास आला. प्राचीन वास्तू, पशुपक्षी, लोकांचे व्यवहार या सर्वांची चित्रे त्यास हवी असत. ती काढण्यास त्याने गंगारामास ठेवून घेतले. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे गंगारामाने काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० मधले आहे. त्यातील कातडीच्या जाड वळ्या पाहिल्या म्हणजे हा हात ऐकीव वर्णनावर नव्हे, तर प्रत्यक्ष निरीक्षणावर चालला होता, याची खात्री पटते.

शाईची रेघ एकदा उमटली की खोडता येत नाही. आपल्याकडील चित्रकारांस याचे भय नव्हते. केसांच्या बारीक कुंचल्याने अखंड रेघ ओढण्याची तालीम त्यांच्यात जुनीच होती. परंतु ती रेघ आकाराची सीमा सांगून थांबे. आतील रंग बहुधा सपाट भरला जाई. युरोपीय पद्धतीत त्याच रेघेकडून अधिक काम घेतात. जवळजवळ ओढलेल्या समांतर रेघांनी सावली, त्यांवर आडव्या रेघांनी दाट अंधार, आणि दूर जाताना एका बिंदूकडे झुकणाऱ्या रेघांनी अंतर दाखविले जाते. म्हणजे हाताला नव्हे, तर डोळ्याला नव्याने शिकावे लागते.

या शिक्षणास १७९२ मध्ये पुण्यास आलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची जोड मिळाली. सवाई माधवरावांच्या आश्रयाने पुण्यात चित्रशाळा निघाली आणि तेथे एतद्देशीय चित्रकारांस यथादर्शनाचे धडे मिळू लागले.

या विद्येची खरी कसोटी वेरूळला लागली. तेथील कैलास लेणे बांधलेले नाही, वरून खाली खोदत आणलेले आहे. अशा वास्तूत प्रकाश वरून उतरतो आणि दालनात शिरताच विरतो. तो अंधार, ते स्तंभ आणि ती खोली गंगारामाने शाईच्या रेघा व पातळ रंगाचे हात यांनी कागदावर आणली. कॅमेरा अजून जन्मास यावयाचा होता; म्हणून या रेखाटनांस कलेइतकेच पुराव्याचेही मोल आहे.

१७९५ हे वर्ष मोठे अशुभ ठरले. सवाई माधवरावांचा अंत झाला आणि वेल्सही त्याच वर्षी वारला. १७९७ मध्ये मॅलेटचा पुण्यातील कारभार संपला. पुढे १८०३ मध्ये टॉमस डॅनियलने वेरूळच्या चोवीस दृश्यांचा संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात वेल्स आणि डॅनियल यांची नावे आली; गंगारामाचे आले नाही. आज त्याची अनेक चित्रे अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत.

गंगारामाने गुरूसमवेत स्वतःचेही चित्र काढून ठेविले आहे. नवी विद्या परक्याकडून घेतली, तरी शिष्यपणाची आपली कल्पना त्याने टाकली नव्हती, हेच त्यावरून दिसते. रेघ शिकणारे पुढे पुष्कळ झाले. १८५७ मध्ये मुंबईस सर जे. जे. कलाशाळाही निघाली. पण त्या परंपरेचा आरंभ मोजताना पुण्याच्या या तांबटापासून मोजणे न्यायाचे होईल.