वाट, साईड आणि शेजपाळी

रस्त्यावरच्या सौजन्यासाठी मराठीत एक जुना शब्दप्रयोग आहे : वाट देणे. 'देणे' म्हटले की देणारा आणि घेणारा आले, दात्याचा मोठेपणा आला आणि न देण्याची मुभाही आली. मोटारींच्या काळात ड्रायव्हरांनी याच शब्दप्रयोगाला 'साईड देणे' असे नवे रूप दिले. क्रियापद मात्र तेच राहिले. चौपदरी महामार्गावर कामासाठी किंवा अपघातामुळे एक लेन बंद होते आणि दोन रांगांना एकाच लेनमधून जावे लागते, तेव्हा हे क्रियापद अपुरे पडते, असे मला वाटते. तेथे देण्याघेण्याचा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो तो पाळीचा. विशेष म्हणजे हा दुसरा शब्द आणि त्यामागची शिस्त आपल्याकडे पूर्वीपासून आहे; फक्त ती रस्त्यावर न रुजता पाटाच्या पाण्यात रुजली. या दोन शब्दांचा इतिहास पाहायला पैठण तालुक्यातील पाचोड हे चांगले ठिकाण आहे, कारण महामार्ग आणि कालवा हे दोन्ही या परिसरातून जातात.

पाचोड छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीच्या औरंगाबादहून) बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आडूळ ओलांडले की पाचोड, पुढे शहागडला गोदावरी आणि नदीपलीकडे गेवराई. सोलापूर-धुळे असा हा सलग मार्ग अनेक वर्षे 'राष्ट्रीय महामार्ग २११' म्हणून ओळखला जाई. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर तो ५२ क्रमांकाच्या महामार्गात गेला आणि त्यानंतरच्या दशकात चौपदरी झाला. मोसंबी आणि कापसाच्या या मुलखात रस्ता म्हणजे केवळ प्रवासाची सोय नव्हे. नाशवंत माल वेळेवर पोचणे त्याच्यावर अवलंबून असते.

या भागात सार्वजनिक मोटारवाहतूक आली ती निजामाच्या राजवटीत. १९३२ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या रेल्वेने आपले रस्ते वाहतूक खाते सुरू केले. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये येथील राज्य वाहतूक महाराष्ट्राच्या एसटी महामंडळात सामील झाली. बसवरचे नाव बदलत गेले, पण खेड्यापाड्यांना जोडणारे पुष्कळसे रस्ते दीर्घकाळ एकेरीच राहिले. एकेरी रस्त्याचे प्रमाणित माप ३.७५ मीटर : मधोमध डांबराची पट्टी, दोन्ही बाजूंना मुरूम. समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी निदान एकीला 'चाक उतरवावे' लागे, म्हणजे एका बाजूची चाके डांबराखाली मुरुमावर घ्यावी लागत. चाक कोणी उतरवायचे हे कोठेही लिहिलेले नव्हते, तरी सर्वांना ठाऊक होते. सायकलवाला तर पूर्णच खाली उतरे. बैलगाडी मोटारीसाठी उतरे. जीप ट्रकसाठी उतरे. आणि सरकारी गाडी सहसा कोणासाठीच उतरत नसे. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक उतरवणे म्हणजे रुतण्याचा धोका पत्करणे, आणि तो धोका उतरंडीत खाली असलेल्याच्या वाट्याला येई. 'वाट देणे' या शब्दांत आज आपल्याला सौजन्य ऐकू येते. त्या रस्त्यावर त्यात वजनाचा आणि हुद्द्याचा हिशेबही होता.

रस्ता दुपदरी झाला, सात मीटरचा झाला, तसे समोरासमोरचे चाक उतरवणे कमी झाले आणि मागून पुढे जाण्याचा व्यवहार वाढला. 'साईड'ची भाषा घडली ती या काळात. मागच्याने हॉर्न वाजवून साईड मागायची, पुढच्याने हाताने किंवा दिव्याने ती द्यायची. अवजड ट्रकवर किन्नर डाव्या खिडकीतून बाहेर वाकून अंदाज घेणार, पत्र्यावर थाप मारून ड्रायव्हरला इशारा देणार. ट्रकच्या पाठीवरचे 'हॉर्न ओके प्लीज' हे या व्यवहाराचे लिखित रूप. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते लिहिण्यास मनाई केली, कारण त्यातून विनाकारण हॉर्न वाजवण्याला उत्तेजन मिळते असे ठरले. शासनाचे कारण योग्यच होते. पण त्या तीन शब्दांत मागणे होते आणि मागितल्याखेरीज पुढे जायचे नाही हा संकेतही होता, याची नोंद इतिहासात राहायला हवी.

या संकेतांचा काही भाग कायद्यातही आला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ मध्ये झालेल्या रस्त्याच्या नियमांत म्हटले होते की, आपल्याला कोणी ओलांडत असेल तर वेग वाढवून त्याला अडवू नये. अनियंत्रित चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. आणि घाटात, जेथे दोन गाड्या निर्धास्तपणे एकमेकींशेजारून जाऊ शकत नाहीत तेथे, उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. हा शेवटचा नियम मला सर्वांत सुंदर वाटतो. चढणारी गाडी एकदा थांबली की तिला पुन्हा उचल घेणे अवघड असते. म्हणून येथे अग्रक्रम बलवानाला नाही, अडचणीत असलेल्याला आहे. लेन बदलण्याविषयीही त्या नियमांत कलम होते, पण ते बदलणाऱ्याने योग्य इशारा द्यावा एवढ्यावरच थांबे. शेजारच्या लेनमधल्याने काय करावे याबद्दल ते काही सांगत नव्हते. २०१७ मध्ये नवे वाहनचालन विनियम आले आणि जुने रद्द झाले. ड्रायव्हरांचे मन मात्र त्याआधीच्या अनेक दशकांच्या रस्त्यावर घडलेले होते.

आता चौपदरी रस्त्यावरची स्थिती पाहू. दोन गाड्या एकाच दिशेने, शेजारीशेजारी, सारख्याच हक्काने चालल्या आहेत. पुढे शंकू मांडलेले आहेत आणि उजवी लेन बंद आहे. येथे समोरून येणारा कोणी नाही, चढणारा-उतरणारा नाही, लहान-मोठा असा निवाडा करायचेही कारण नाही. जुना एकही संकेत लागू पडत नाही. मग दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, फलक दिसताच डावीकडे येऊन रांगेत उभी राहणारी. दुसरी, मोकळ्या उजव्या लेनमधून थेट शंकूपर्यंत जाणारी. पहिल्यांना दुसरे घुसखोर वाटतात, म्हणून ते पुढच्या गाडीला बंपर चिकटवून फट बुजवतात. दुसऱ्यांना वाटते, रस्ता मोकळा असताना तो वापरायचा का नाही? शिवाय आपल्याकडे तिसरा प्रकारही आहे : साईडपट्टीवरून धूळ उडवत जाणारा. आणि रस्ता दुभाजकाचा नसेल तर रांग सोडून समोरच्या बाजूला शिरणारा चौथाही. रेल्वेच्या बंद फाटकाशी हे दृश्य सर्वांनी पाहिले आहे : दोन्हीकडच्या गाड्या रस्त्याची पूर्ण रुंदी व्यापतात, फाटक उघडते आणि दोन्ही फौजा तोंडाला तोंड देऊन उभ्या राहतात.

यातील पहिल्या दोघांच्या भांडणाचा निकाल इतर देशांनी कसा लावला हे उद्बोधक आहे. जर्मनीच्या वाहतूक नियमावलीत त्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. लेन संपत असेल तर तिच्यातील वाहनांनी अडथळ्याच्या अगदी तोंडापर्यंत यावे, आणि चालू लेनमधल्यांनी त्यांना एकाआड एक याप्रमाणे आत घ्यावे. या पद्धतीला तेथे दिलेले नाव कपड्याच्या किंवा पिशवीच्या चेनवरून आले आहे : एक दात इकडचा, एक तिकडचा. ब्रिटनच्या 'हायवे कोड'मध्येही असे एकाआड एक मिसळणे सुचवले आहे. मात्र गाड्या अगदी मंद गतीने चालल्या असतील आणि ते सुरक्षित असेल तरच. रस्ता मोकळा आणि वेग जास्त असेल तर लवकर लेन बदललेलीच बरी.

या पद्धतीने अरुंद जागेतून फार जास्त गाड्या जातात असा समज होऊ नये. जी एक लेन उरली, तिची क्षमता एका लेनचीच. पण तेवढ्याच गाड्या एकाऐवजी दोन रांगांत उभ्या राहिल्या तर रांगेची लांबी जवळजवळ निम्मी होते, ती मागच्या गावच्या चौकापर्यंत पोचत नाही, शेजारच्या दोन लेनच्या वेगांतील घातक तफावत कमी होते, आणि मिसळण्याची जागा एकच ठरते. शेवटपर्यंत जाणारा घुसखोर राहत नाही, कारण त्याला कोठे आणि कितव्या क्रमाने आत यायचे हे सर्वांना आधीच ठाऊक असते.

'हे आपल्याकडे चालणार नाही' हे यावरचे ठरलेले उत्तर. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना कसली पाळी, असा त्याचा आशय. दुचाक्या, ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या यांच्या सरमिसळीत लेनच राहत नाही, हा आक्षेप खराच आहे. पण पाळीची कल्पनाच आपल्याला परकी आहे, हे मात्र खरे नाही. पाचोडच्या माणसाला ते सांगू नये.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा गोदावरीच्या उत्तरेने परभणीकडे जातो, आणि पाचोडहून शहागडकडे जाणारा महामार्ग त्याला छेदतो. महाराष्ट्रातील कालव्यांवर पाणीवाटपाची जी पद्धत रूढ आहे तिचे नाव शेजपाळी. शेतकरी हंगामासाठी नमुना ७ वर पाणीअर्ज करतो. मंजुरीनंतर प्रत्येक आवर्तनात कोणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी, याचा कार्यक्रम ठरतो. एकाचे भिजले की पाणी शेजारच्याकडे जाते. शेजपाळीत कोणी कोणावर उपकार करत नाही. माझ्या शेतातून पाणी पुढे सोडतो तेव्हा मी शेजाऱ्याला पाणी 'देत' नाही; त्याची पाळी आलेली असते.

याहून जुने उदाहरण याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीने काही शतके सिंचन झाले. जमिनीचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणते पीक हे गावाने मिळून ठरवायचे, आणि पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचे नाही. ते पाटकऱ्याने द्यायचे. ज्याचे पीक वाळत आहे त्याच्या हाती पाटाचे तोंड ठेवायचे नाही, हे शहाणपण त्यात होते. रस्त्याच्या कामाशी लाल-हिरवा झेंडा घेऊन उन्हात उभा असलेला मजूर हा त्या पाटकऱ्याचाच रस्त्यावरचा वंशज म्हणावा लागेल. फरक एवढाच की पाटकऱ्यामागे गाव उभे असे. या मजुरामागे कोणी नसते.

शेजपाळीचे गोडवे गाताना तिचे अपयश विसरता येणार नाही. मुखाजवळचे जास्त घेतात, चारी फुटते, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचत नाही. मराठवाड्याला हे सांगावे लागत नाही. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांच्या हाती व्यवस्थापन देण्यामागे हा अनुभव होता, आणि शेवटाकडून सुरुवातीकडे पाणी देण्याचा आग्रहही त्यातूनच आला. पण ही अपयशेही काही शिकवतात. पाळी मोडते ती माणसे उद्धट असतात म्हणून नव्हे. आपली पाळी येईल हा भरवसा संपला की ती मोडते. बंपर चिकटवून फट बुजवणारा ड्रायव्हर आणि रात्री चारी फोडणारा शेतकरी यांची भीती एकच आहे : आज सोडले तर पुन्हा मिळणार नाही. अशा माणसाला सौजन्याचा उपदेश करून उपयोग नसतो. त्याला क्रम दिसावा लागतो. म्हणून लेन बंद असल्याचा फलक लावणे पुरेसे नाही. कोठे मिसळायचे आणि कसे, हेही तेथे मराठीत ठळक लिहिले पाहिजे, आणि ते पाळले जाते आहे हे पाहणारा पाटकरीही हवा.

हा केवळ शिष्टाचाराचा विषय नाही. पाचोडला ग्रामीण रुग्णालय आहे. पण तेथे न भागणारे गंभीर रुग्ण याच रस्त्याने औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाकडे जातात. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. २०१९ च्या दुरुस्तीने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. येथे 'वाट देणे' हा जुना शब्दप्रयोग पूर्ण अर्थाने योग्य आहे : जो अडचणीत आहे त्याला, घाट चढणाऱ्या गाडीला द्यावी तशी, पाळी बाजूला ठेवून वाट द्यायची. मात्र द्यायला वाट शिल्लक असावी लागते. जेथे चार रांगा तीन लेनच्या जागेत अडकल्या आहेत आणि साईडपट्टीही भरली आहे, तेथे सर्वांची इच्छा असूनही रुग्णवाहिकेला कोणी काही देऊ शकत नाही. जेथे दोनच रांगा आहेत आणि त्या एकाआड एक सरकत आहेत, तेथे कडेची जागा मोकळी असते. आधी शेजपाळी सांभाळावी लागते. मग वाट देता येते.