चंदगडचा पक्षकार आणि वकिलांचे कामबंद आंदोलन

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातील दोन कलमांनी चंदगडच्या पक्षकाराची वाट ठरवली. सातव्या कलमाने बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातून वगळलेला चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. साहजिकच जवळचे बेळगाव सुटून जिल्हा न्यायालयासाठी शंभर किलोमीटरहून दूरचे कोल्हापूर गाठणे आणि उच्च न्यायालयातील अपिलासाठी तेथूनही पुढे मुंबईपर्यंत जाणे भाग पडले. याच कायद्याच्या ५१ व्या कलमाचे तिसरे पोटकलम मुख्य न्यायमूर्तींना, राज्यपालांच्या संमतीने, उच्च न्यायालयाचे काम अन्य ठिकाणीही चालवण्याची मुभा देते, आणि त्याच्याच आधारे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथील वकील कोल्हापुरात खंडपीठ मागत राहिले.

त्यांचे प्रमुख हत्यार होते 'कामकाजापासून अलिप्त राहणे': बार असोसिएशन ठराव करते, पुकारा झाला तरी वकील उभा राहत नाही, आणि रोजनाम्यात, म्हणजे दाव्याच्या दैनंदिन नोंदीत, केवळ पुढची तारीख पडते. २०१३ मध्ये हे पन्नासहून अधिक दिवस चालले. त्यात फीचा प्रश्न नव्हता, हे नोंदवणे अगत्याचे आहे, कारण इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये फौजदारी बॅरिस्टरांनी बेमुदत काम थांबवले ते सरकारी खर्चाने चालणाऱ्या खटल्यांतील मोबदल्यासाठीच. त्यांची मागणी २५ टक्के वाढीची होती, सरकारचा देकार १५ टक्क्यांचा होता, आणि तो सुधारून जुन्या प्रलंबित खटल्यांनाही लागू झाल्यावर ऑक्टोबरमध्ये त्यांनी मतदानाने संप मिटवला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने हरीश उप्पल खटल्यात १७ डिसेंबर २००२ रोजी वकिलांना संपाचा हक्क नाही असे ठरवले, आणि बार किंवा न्यायपीठाची प्रतिष्ठा व स्वातंत्र्य पणाला लागले असेल अशा अगदी अपवादात्मक प्रसंगी एका दिवसापुरतीच सवलत ठेवली. कोल्हापूरची मागणी रास्त होती. तरीही तिची किंमत प्रथम त्या पक्षकारानेच मोजली, जो पहाटेची एसटी धरून तारखेला आला आणि नवी तारीख घेऊन परतला.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात सर्किट बेंचचे, म्हणजे मुख्य पीठाबाहेर बसणाऱ्या न्यायपीठाचे, कामकाज सुरू झाले. अपिलासाठीची मुंबईची वाट संपली. चंदगड ते कोल्हापूर हे अंतर मात्र १९५६ मध्ये होते तेवढेच आहे.