६० वर्षं बंद असलेला नाण्यांचा रोल: आत रंग निघेल की डाग?

कागदात गुंडाळलेली ४० नाणी. दर्शनी किंमत १० डॉलर. साल १९६४. बँकेतून बाहेर पडल्यापासून कुणीही न उघडलेली. अमेरिकेतल्या नाणेसंग्राहकांमध्ये अशा जुन्या, बंद रोलला आजही चांगली मागणी आहे. आतल्या एखाद्या नाण्यावर सोनेरी, जांभळा, निळा असे रंग चढलेले असू शकतात आणि असं एक सुंदर नाणं कधीकधी उरलेल्या सगळ्या नाण्यांपेक्षा जास्त पैसे मिळवून देतं.

अडचण अशी की कागद एकदा फाडला, की तो रोल 'ओरिजिनल' राहत नाही. आत रंग निघाला तर ठीक. काळे डाग निघाले तर बंद रोलची जी किंमत होती, तीसुद्धा गेली. मग उघडायचा की नाही? आणि मुळात नाण्यांवर हे रंग येतात कुठून? समजून घेऊया.

ओरिजिनल रोल म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत टांकसाळीतून नाणी मोठ्या पिशव्यांमधून बाहेर पडत. पुढे ती मोजून, कागदात गुंडाळून त्यांचे रोल केले जात आणि बँका ते ग्राहकांना देत. कोणत्या रोलमध्ये किती नाणी हे ठरलेलं असतं. एक सेंटची ५०, पाच सेंटची म्हणजे निकेलची ४०, दहा सेंटची म्हणजे डाइमची ५०, क्वार्टरची ४० आणि अर्ध्या डॉलरची २०.

यातले काही रोल लोकांनी कधी खर्चच केले नाहीत. त्या वर्षीची नवी नाणी आली की बँकेतून रोल आणायचा आणि कपाटात ठेवून द्यायचा, हा तिथला जुना छंद. असा रोल न उघडता आजवर टिकला असेल, तर त्याला ओरिजिनल रोल म्हणतात. आतली नाणी 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे चलनात न फिरलेली असतात. आपण कोऱ्या नोटा म्हणतो तशी ही कोरी नाणी.

कोरी म्हणजे निर्दोष मात्र नव्हे. पिशवीत एकमेकांवर आदळून त्यांच्यावर खुणा पडतात. अमेरिकेत नाण्यांची प्रत १ ते ७० या श्रेणीत मोजतात आणि कोऱ्या नाण्यांना ६० ते ७० मधला अंक मिळतो. ६१ आणि ६७ या दोन्ही अंकांची नाणी कोरीच असतात, पण किमतीत प्रचंड फरक असतो.

नाण्यांना रंग येतो कुठून?

१९६४ पर्यंत अमेरिकेतले डाइम, क्वार्टर आणि अर्धा डॉलर ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांब्याचे होते. १९६५ च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी काढली गेली, अर्ध्या डॉलरमध्ये ती ४० टक्क्यांवर आली आणि १९७० नंतर तिथूनही गेली.

चांदीचं गंधकाशी लगेच जमतं. हवेत, कागदात, पुठ्ठ्यात गंधकाची संयुगं अल्प प्रमाणात असतात. ती चांदीला भेटली की पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. घरातली चांदीची वाटी किंवा समई काळी पडते, ती याच कारणाने. संग्राहक या प्रक्रियेला टोनिंग म्हणतात.

मग काळ्याऐवजी निळा-जांभळा रंग का दिसतो? पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात गाडीचं तेल सांडलं की त्यावर इंद्रधनुष्य उमटतं, तसाच हा प्रकार आहे. पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रकाश परततो. या दोन किरणांची गाठ पडते तेव्हा काही रंग एकमेकांना खोडतात, काही उठून दिसतात. कोणता रंग दिसणार हे थराच्या जाडीवर ठरतं. म्हणजे नाण्यावर रंगद्रव्य नसतंच, रंग प्रकाशाच्या खेळातून येतो.

थर वाढत जातो तसे रंग ठरावीक क्रमाने बदलतात. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, मग जांभळट, निळा, आकाशी. त्यानंतर पुन्हा पिवळा, किरमिजी, हिरवट छटा येतात. शेवटी थर इतका जाड होतो की नाणं नुसतं काळं दिसतं. म्हणून सुंदर टोनिंग ही खरं तर मधली अवस्था आहे. फार लवकर रोल उघडला तर रंग आलेलाच नसतो, फार उशीर झाला तर निघून गेलेला असतो.

रोलमधल्या कोणत्या नाण्यावर रंग चढतो?

सगळ्यात जास्त शक्यता दोन टोकांच्या नाण्यांची. यंत्राने गुंडाळलेल्या जुन्या रोलची टोकं आत वळवून दाबलेली असतात. बंदुकीच्या काडतुसासारखी दिसतात म्हणून त्यांना 'शॉटगन रोल' असं नाव पडलं. अशा टोकाशी नाण्याच्या कडेवर कागद असतो आणि मधला भाग उघडा राहतो. मध्यावर हवा काम करते, कडेला कागद. त्यामुळे नाण्यावर गोल गोल कडी उमटतात. याला 'टार्गेट टोनिंग' म्हणतात आणि ते टोकाच्या नाण्याच्या बाहेरच्या बाजूवरच दिसतं. दुसरी बाजू शेजारच्या नाण्याला चिकटलेली असल्याने बहुतेक वेळा पांढरीशुभ्र राहते.

आतल्या नाण्यांचे दोन्ही चेहरे झाकलेले असतात. त्यांच्या फक्त कडा कागदाला लागतात. म्हणून त्यांच्यावर कडेने सोनेरी पट्टी येते, किंवा एखादं नाणं रांगेतून किंचित सरकलेलं असेल तर चंद्रकोरीसारखी पट्टी. पूर्ण चेहराभर रंग आतल्या नाण्यांवर क्वचितच येतो. ४० नाण्यांचा रोल उघडला आणि बघण्यासारखी दोनच निघाली, तर ते नशीब वाईट नाही. साधारण असंच होतं.

रोल ठेवला कुठे होता यालाही महत्त्व आहे. दमट हवा आणि उष्णता रासायनिक क्रिया वेगाने पुढे नेतात. कोरड्या वाळवंटी भागात आणि दमट किनारपट्टीवर ठेवलेले एकाच सालचे दोन रोल अगदी वेगळे निघू शकतात. प्लॅस्टिकच्या नळीत ठेवलेली नाणी कागदातल्या नाण्यांच्या तुलनेत पांढरी राहतात. तांब्याच्या सेंटवरही सुरेख रंग येतात, पण तांबं फार हळवं. ओलावा लागला की त्यावर काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत.

बंद रोलवर लोकांनी आधीही डाव लावलेत का?

लावलेत, आणि हातही पोळून घेतलेत. १९५० साली डेन्व्हरच्या टांकसाळीत निकेलची फक्त २६,३०,०३० नाणी पाडली गेली. आकडा कमी आहे हे कळताच लोकांनी रोलच्या रोल दडवून ठेवले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रोल विकत घेण्याची लाट आली आणि १९६४ च्या सुमारास दोन डॉलर दर्शनी किमतीचा हा रोल हजार डॉलरच्या पुढे गेला. मग लाट ओसरली आणि भाव कोसळला. कारण साधं होतं. नाणी कमी होती, पण जवळपास सगळी जपून ठेवलेली होती. टंचाई कागदावर होती, कपाटात नव्हती.

दुसरं उदाहरण पिशव्यांचं. १९०३ साली न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत पाडलेला चांदीचा मॉर्गन डॉलर अतिशय दुर्मिळ समजला जायचा. १९६२ च्या अखेरीस अमेरिकी कोषागाराने जुन्या पिशव्या बाहेर काढल्या आणि त्यात हीच नाणी ढिगाने निघाली. किंमत एका झटक्यात उतरली. मात्र याच पिशव्यांनी रंगीत मॉर्गन डॉलरही दिले. जाड्याभरड्या कापडाला वर्षानुवर्षं टेकून राहिलेल्या नाण्यांवर इंद्रधनुषी रंग आले होते. काहींवर तर कापडाच्या विणीचा ठसासुद्धा दिसतो.

यात भारताचा काय संबंध?

मॉर्गन डॉलरच्या कहाणीत भारत थेट येतो. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीच्या रुपयाची मागणी प्रचंड वाढली आणि ब्रिटिश सरकारला चांदी कमी पडू लागली. अमेरिका मदतीला आली. एप्रिल १९१८ मध्ये तिथे पिटमन कायदा झाला आणि २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यातल्या जवळपास २६ कोटी डॉलरची चांदी ब्रिटनला भारतासाठी विकण्यात आली. थोडक्यात, अमेरिकेतल्या तिजोऱ्यांमधल्या असंख्य पिशव्या वितळून त्यांचे रुपये झाले. आज उरलेल्या पिशव्यांना आणि त्यातल्या रंगीत नाण्यांना जो भाव आहे, त्यामागे हा इतिहासही आहे.

फसवणूक कशी होते?

रोलची टोकं दाबणारं यंत्र विकत मिळतं. जुना कागद मिळवणंही अवघड नाही. त्यामुळे टोकांना दोन छान नाणी आणि मध्ये साधी, वापरलेली नाणी भरून 'कधीच न उघडलेला रोल' म्हणून विकण्याचे प्रकार सर्रास चालतात. टोकाला एखादं फार जुनं, दुर्मिळ नाणं मुद्दाम दिसेल असं ठेवलेलं असेल, तर जास्तच सावध व्हावं. बँकेच्या कोऱ्या रोलमध्ये ५०-६० वर्षं जुनं नाणं येईल कुठून?

दुसरी फसवणूक रंगाची. गंधकाची रसायनं, उष्णता, इतकंच काय उकडलेल्या अंड्यातून सुटणारा वायूसुद्धा वापरून नाण्यावर झटपट रंग चढवतात. पीसीजीएस ही नाणी तपासणारी संस्था १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून काम करते आहे. रंग संशयास्पद वाटला तर या संस्था नाण्याला नेहमीचा अंक देत नाहीत आणि किंमत घसरते.

खरा रंग ओळखायच्या काही खुणा आहेत:

- रंगांचा क्रम बरोबर असतो. सोनेरी ते जांभळा ते निळा असा प्रवास दिसतो. मधल्या छटा गाळून थेट गडद निळा आला असेल, तर शंका घ्यावी.
- रंगाखाली नाण्याची मूळ चमक जिवंत असते. नाणं दिव्याखाली फिरवलं की ती चक्राकार फिरते.
- अक्षरांच्या आणि चित्राच्या उंच कडांजवळ रंग थोडा फिका असतो, कारण तिथे कागद किंवा कापड पूर्ण टेकत नाही.
- रंगाचा आकार नाणं कसं ठेवलं होतं याच्याशी जुळतो. टोकाच्या नाण्याला कडी, आतल्याला चंद्रकोर.

तरीही सीमारेषेवरची नाणी तज्ज्ञांनाही बुचकळ्यात टाकतात. घरी केलेली आणि कपाटात झालेली रासायनिक क्रिया शेवटी एकच असते, फरक वेगाचा आणि हेतूचा.

रोल उघडायचाच असेल तर काय काळजी घ्यावी?

आधी हिशेब करावा. १९६४ च्या क्वार्टरचा रोल घेतला तर नाणी २५० ग्रॅम भरतात आणि त्यात २२५ ग्रॅम चांदी असते. ही झाली पायाची किंमत. ती कुठेही जात नाही. बंद रोलसाठी त्यावर जी जास्तीची रक्कम मिळते, तेवढीच तुम्ही डावावर लावत असता. ती गमावायची तयारी नसेल, तर रोल बंदच बरा.

टोकं भिंगातून नीट पाहावीत. टोकाच्या नाण्यावर रंग दिसत असेल तर निदान दोन नाण्यांबाबत अंदाज येतो. टोकाला हिरवट थर किंवा ओलाव्याचे डाग दिसले, तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. आत नुकसान सुरू झालेलं असू शकतं आणि बंद ठेवून ते वाढतच जाईल.

उघडण्याआधी रोलचे सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत. टेबलावर मऊ कापड पसरावं. नाण्यांच्या सुट्ट्या रोलसारखा हा रोल गल्ल्याच्या कडेवर आपटून फोडू नये. कागद लांबीच्या दिशेने हळूच कापावा आणि ब्लेड नाण्यांना लागू देऊ नये. नाणी ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडावीत. फक्त कडेने धरावीत, कारण बोटाचा ठसा काही महिन्यांनी तपकिरी होऊन कायमचा बसतो. नाण्यांवर वाकून बोलू नये, थुंकीचे बारीक तुषारही डाग पाडतात. कापलेला कागद जपून ठेवावा. नाणी ठेवायला पीव्हीसीचं मऊ प्लॅस्टिक नको, त्यामुळे हिरवट चिकट थर येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाणं पुसायचं नाही. रसायनात बुडवून काळा थर काढता येतो, पण त्याबरोबर धातूचा सूक्ष्म थरही जातो आणि मूळ चमक मरते.

आपल्या घरातल्या जुन्या रुपयांचं काय?

हाच नियम आपल्याकडेही लागू होतो. व्हिक्टोरिया राणीचा, सातव्या एडवर्डचा किंवा पाचव्या जॉर्जचा चांदीचा रुपया सुमारे ९२ टक्के चांदीचा आहे. अनेक घरांत तो लक्ष्मीपूजनाला बाहेर येतो आणि त्याआधी चिंच, रांगोळी किंवा टूथपेस्टने घासून लख्ख केला जातो. पूजेसाठी ते ठीकच. पण ते नाणं कधी विकायचा किंवा संग्राहकाला दाखवायचा विचार असेल, तर घासलेलं नाणं आणि जुना करडा-निळसर रंग तसाच राहू दिलेलं नाणं यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. रांगोळीचे ओरखडे कोणत्याही उपायाने निघत नाहीत.

चांदीवरचा चांगला रंग तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात, घालवायला दोन मिनिटं पुरतात. त्यामुळे बंद रोल हातात असो की आजीच्या डब्यातला रुपया, आधी नीट पाहावं आणि हात नंतर लावावा.