खणातले फोन

परवा टेबलाचा खण आवरताना तीन जुने फोन निघाले. इतिहासाच्या मास्तराला जुनी नाणी सापडावीत तसा आनंद झाला! राजवट बदलली की नाणी बदलतात. इथेही तेच.

पहिला नोकिया ११००, २००३ सालचा, टॉर्चवाला. जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला म्हणतात. तेव्हा आपल्याकडे मोबाइल म्हणजे नोकियाच.

दुसरा मायक्रोमॅक्स. गुडगावच्या या कंपनीने ओळखलं की गावाकडे वीज नसते. म्हणून २००८ साली एकदा चार्ज केला की महिनाभर टिकेल असा फोन तिने काढला. शिवाय स्वस्तात दोन सिमची सोय. नोकियाला दोन सिमचं महत्त्व उशिरा कळलं, आणि २०१३ मध्ये तिने आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचा करार केला. २०१४ च्या अखेरीस तर एका पाहणीत मायक्रोमॅक्स स्मार्टफोनमध्ये सॅमसंगच्याही पुढे होती.

तिसरा शाओमीचा रेडमी १एस. सप्टेंबर २०१४, किंमत ५,९९९ रुपये. दुकानात नाहीच, फक्त इंटरनेटवर विक्री. मधल्यांचा खर्च वाचला, तो किमतीत उतरला. २०१६ मध्ये जिओ आलं, सगळ्यांना फोर-जी फोन हवा झाला. २०१७ च्या अखेरीस शाओमीने सॅमसंगला मागे टाकलं. मग सॅमसंगनेही जानेवारी २०१९ मध्ये तोच मार्ग धरला: एम१०, ७,९९० रुपये, इंटरनेटवरच.

वरच्या पायरीवर ॲपल निवांत होती. २०१७ चा आयफोन टेन आपल्याकडे ८९,००० पासून सुरू व्हायचा! पण मंडळी, आपल्या देशात सर्वांत जास्त फोन कोण विकणार याचा फैसला दरवेळी खालच्या पायरीवरच झाला.

माझा एम१० मात्र खणात नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींची मुलगी नववीत होती. घरात साधा बटणांचा फोन. माझा तिला दिला. त्या वर्षी तीच तिची पाटी. पोरगी दहावी झाली, पेढे घेऊन आली.

आता कंपन्यांचं लक्ष महागड्या फोनांकडे वळलंय. नफा तिथे जास्त. धंदा आहे, दोष कसला द्यायचा? पण खालच्या पायरीवरचं भांडण मिटू नये असं मनापासून वाटतं. राजे भांडले तेव्हाच गरिबाच्या हाती पाटी आली.

असो. तुमच्या खणात काय निघतं, जरूर कळवा.