लसूणघास, दूध आणि मूत्रातला चुना

पेरूच्या डोंगराळ भागातल्या स्वयंपाकघरांत आजही ‘कुई’ मोकळे हिंडताना दिसतात. चुलीची ऊब, भाज्यांची सालं-देठं आणि कापून आणलेला हिरवा चारा एवढ्यावर त्यांचं भागतं. अँडीज पर्वतातल्या लोकांनी हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला तो खाण्यासाठी. आपण त्याला गिनीपिग म्हणतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश तिथे पोचले आणि त्यांच्यामागून जुन्या जगातला लसूणघास गेला. परक्या मुलखातला हा चारा तिथे असा रुजला, की आज पेरूतलं कुईपालन बरंचसं त्याच्यावर चालतं.

लसूणघास वाळवला तर त्यात साधारण सव्वा ते दीड टक्का कॅल्शियम भरतं. टिमथीसारख्या साध्या गवतात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. तरीही पेरूतल्या शेतकऱ्याला या आकड्यांची फिकीर करावी लागत नाही. मांसासाठी वाढवलेला कुई तीनेक महिन्यांत ताटात जातो. जादा कॅल्शियमनं मूतखडा व्हायला त्याला सवडच मिळत नाही.

उलट दिशेनं गेलेल्या गिनीपिगांचं नशीब वेगळं होतं. १५५४ साली स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेसनरनं या प्राण्याची नोंद केली. लवकरच तो युरोपात हौसेचा सोबती झाला, आणि १७८३पर्यंत लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी त्याला बर्फाच्या उपकरणात बसवून त्याच्या अंगाची उष्णता मोजली होती. पुढच्या शतकात तो प्रयोगशाळांचा हक्काचा रहिवासी बनला. मुंबईतही १९०५नंतरच्या प्लेग संशोधनात गिनीपिग रोग शिरलेल्या घरांत सोडत, त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा गोळा करण्यासाठी.

प्रयोगशाळेत देठं-सालं नव्हती, पोत्यातलं धान्य होतं. १८९०च्या दशकात अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथच्या लक्षात आलं, की नुसत्या ओट आणि कोंड्यावर ठेवलेल्या गिनीपिगांच्या अंगात रक्तस्राव होतो. त्याचा माग पुढे नॉर्वेत लागला. अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे दोघे खरं तर खलाशांच्या बेरीबेरीच्या मागावर होते. त्यांनी गिनीपिगांना फक्त धान्य आणि पाव दिला. बेरीबेरी झालाच नाही. दात हलू लागले, हिरड्या बिघडल्या, हाडं ठिसूळ झाली. ही लक्षणं स्कर्व्हीची होती. कोबी किंवा लिंबाचा रस दिला की ती टळत. १९०७ साली हे प्रसिद्ध झालं आणि संशोधकांना माणसासारखाच स्कर्व्ही होणारा प्राणी मिळाला. पंचवीस वर्षांनी सेंट-जॉर्जी आणि त्याचा सहकारी स्विर्बेली यांनी याच प्राण्यावर क जीवनसत्त्वाची ओळख पटवली.

कॅल्शियमचं प्रकरण मात्र याहून गुंतागुंतीचं निघालं. १९४१च्या सुमारास अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात रोझलिंड वुल्झेन आणि अ‍ॅलिस बार्स यांनी गिनीपिगांना पाश्चराइज केलेल्या साय काढलेल्या दुधावर ठेवलं. जनावरांची मनगटं ताठरली आणि शरीरात नको तिथे चुना साठू लागला. कच्च्या सायीनं किंवा ताज्या हिरव्या पाल्यानं हे टळतं असं त्यांना आढळलं. झालं! दूध तापवल्यानं त्यातलं एखादं गूढ सत्त्व मरतं, अशी हाकाटी सुरू झाली. कच्च्या दुधाचे समर्थक आजही या बिचाऱ्या प्राण्यांचा दाखला देतात. एरवी रवंथ न करणाऱ्या, गवत खाणाऱ्या एका छोट्या जीवाला गाईचं दूध पाजून काय सिद्ध होणार, हा प्रश्न मात्र त्यांना फारसा पडत नाही.

मिसुरी विद्यापीठात अल्बर्ट होगन आणि सहकाऱ्यांनी १९५०पासून वेगळा धागा पकडला. अवयवांत साठणारा चुना कॅल्शियम फॉस्फेटचा होता, आणि तो आहारात फॉस्फरस वाढला की वाढत होता. पुढच्या प्रयोगांत मॅग्नेशियमची कमतरता हे सारं आणखी बिघडवते हेही दिसलं. म्हणजे एकट्या कॅल्शियमवर खापर फोडून भागणार नव्हतं. तिन्ही क्षारांचं प्रमाण एकमेकांशी जुळायला हवं होतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं १९९५च्या शिफारशींत ०.८ टक्के कॅल्शियम, ०.४ टक्के फॉस्फरस आणि ०.१ टक्का मॅग्नेशियम असं धरलं आहे. पण हे आकडे प्रयोगशाळेतल्या वाढत्या जनावरांसाठी होते.

घरातल्या पिंजऱ्यात तोच प्राणी पाच ते आठ वर्षं जगतो, आणि त्याच्या वाट्याला कित्येक दशकं आला तो लसूणघासापासून बनवलेला दाणा. गिनीपिगच्या आतड्यातून कॅल्शियम गरजेपुरतंच शोषलं जातं असं नाही; जेवढं पोटात जातं तेवढं अधिक आत घेतलं जातं. जादा झालेलं बरंचसं मूत्रावाटे बाहेर पडतं. हे मूत्र मुळातच अल्कधर्मी, त्यामुळे त्यात चुना खाली बसतो. पिंजऱ्यातल्या कापडावर वाळलेला पांढरट डाग त्याचाच. थोडा असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. गाळ वाळूसारखा दाट झाला, मूत्रात रक्त दिसलं किंवा लघवी करताना जनावर ओरडू लागलं, तर पशुवैद्याकडे न्यायला उशीर परवडत नाही.

जुन्या पुस्तकांत मूत्रातल्या खड्यांना ऑक्झलेटचे समजून पालकासारख्या भाज्यांवर रोख असे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बहुतेक खडे कॅल्शियम कार्बोनेटचे निघाले.

महाराष्ट्रात दुभत्या जनावरांसाठी लसूणघास सहज मिळतो, त्यामुळे गिनीपिगसाठीही तो हाताशी येतो. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला तो चालतो. मोठ्या झालेल्या प्राण्याला मात्र गवतकुळातला चारा भरपूर हवा. टिमथी हे थंड हवेतलं गवत इथे बहुधा पाकिटातून येतं; स्वच्छ जागी वाढलेली, औषध न फवारलेली हरळी त्याच्या जोडीला देता येते. त्यासोबत भरपूर पाणी, पाणीदार भाज्या आणि रोज क जीवनसत्त्व. ते दाण्यात टिकत नाही, साठवणीत झपाट्यानं कमी होतं. त्यासाठी ढोबळी मिरचीचा ताजा तुकडा बरा, आणि तिच्यात कॅल्शियमही थोडंच असतं.