पिवळी पिन, हिरवी पिन : टीव्हीच्या तारांची गोष्ट

घरातला जुना टीव्ही गेम माळ्यावरून खाली काढला, की पहिला प्रश्न येतो तारेचा. यंत्राला पिवळी पिन, टीव्हीच्या पाठीमागे मात्र पाच-सात निरनिराळी भोके. ‘यातली कोणती तार लावायची?’ असे मुलांनी विचारले, तर आपण सहज म्हणतो, ‘जी बसेल ती लाव.’ चित्र दिसतेही. पण कधी रंग पसरतात, कधी अक्षरांच्या कडांवर मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकतात. हे का होते, ते समजून घ्यायचे तर व्हिडिओ गेमच्याही मागे, १९५० सालापर्यंत जावे लागते.

जुन्या संचांचे काय करायचे?

अमेरिकेत त्या काळी कृष्णधवल टीव्ही घरोघरी पोहोचत होता. १९५० साली तिथल्या सरकारी आयोगाने सीबीएस कंपनीच्या रंगीत पद्धतीला मान्यता दिली. या पद्धतीत लाल, हिरवे आणि निळे चित्र एकामागून एक पाठवले जाई. रंग चांगले होते, पण लोकांच्या घरातल्या संचांवर हे कार्यक्रम दिसतच नसत. १९५१ साली सुरू झालेले हे प्रक्षेपण काही महिन्यांतच थांबले.

मार्ग आधीच सुचलेला होता. जॉर्ज व्हालॅन्सी या फ्रेंच अभियंत्याने १९३८ साली एक पेटंट मागितले होते. चित्राचे दोन भाग करावेत : एक तेजस्वितेचा, म्हणजे कुठे किती उजेड आहे याचा, आणि दुसरा फक्त रंगाचा. कृष्णधवल संच पहिला भाग घेईल, रंगीत संच दोन्ही घेईल. डिसेंबर १९५३ मध्ये मान्य झालेली एनटीएससी पद्धत याच तत्त्वावर उभी होती.

अडचण जागेची होती. एका वाहिनीला ६ मेगाहर्ट्झ इतकाच पट्टा होता आणि तो तेजस्विता व आवाज यांनी भरलेला होता. म्हणून रंगाची माहिती सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झच्या एका उपवाहक लहरीवर चढवून तेजस्वितेच्याच पट्ट्यात मिसळण्यात आली. युरोपात पुढे आलेल्या आणि भारतानेही स्वीकारलेल्या पाल पद्धतीतही हीच युक्ती आहे. तिथे उपवाहक ४.४३ मेगाहर्ट्झचा. १९८२ साली आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा ज्यांच्याकडे कृष्णधवल संच होते त्यांचे कार्यक्रम बंद पडले नाहीत, ते यामुळेच.

परंतु या सोयीची किंमत होती. चहात दूध एकदा मिसळले की ते पुन्हा पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. टीव्हीला तेजस्विता आणि रंग वेगळे करताना थोडी चूक होतेच. बारीक रेघांना तो रंग समजतो आणि रंगाला बारीक ठिपके. कडांवरच्या मुंग्या त्या याच.

अँटेनाच्या वाटेने

१९७२ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीने ओडिसी हे घरगुती टीव्ही गेमचे पहिले यंत्र विकायला आणले. त्याची मूळ कल्पना राल्फ बेअर यांची. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता : टीव्हीला आत शिरायला एकच दार आहे, ते अँटेनाचे. तेव्हा यंत्राने स्वतःच एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र व्हायचे! ओडिसी आपले चित्र तिसऱ्या किंवा चौथ्या वाहिनीच्या लहरीवर चढवी, तार अँटेनाच्या जागी लागे आणि टीव्ही ते उतरवून घेई. रंग नव्हतेच, पडद्यावर रंगीत पारदर्शक कागद चिकटवायचे.

पुढची सारी कहाणी म्हणजे, प्रक्षेपणासाठी जे मिसळले होते, ते तारेत पुन्हा सुटे करत जाण्याची कहाणी आहे.

पहिली पायरी पिवळ्या पिनची. तीत वाहिनीची लहर नाही, आवाजही वेगळ्या तारेने जातो. तेजस्विता आणि रंग मात्र अजून एकत्रच असतात. निन्टेन्डोच्या १९८३ च्या जपानी फॅमिकॉमला फक्त अँटेनाची वाट होती. १९८५ च्या अमेरिकी यंत्राला पिवळी पिनही मिळाली. दुसरी पायरी एस-व्हिडिओ. १९८७ साली जेव्हीसीच्या एस-व्हीएचएस यंत्रांबरोबर तिची चार टाचण्यांची पिन प्रचारात आली. तीत तेजस्विता आणि रंग दोन वेगळ्या तारांतून जातात आणि मुंग्या नाहीशा होतात.

फ्रान्सने याहून पुढची उडी आधीच मारली होती. तिथे १९८० पासून नव्या टीव्हींना २१ टाचण्यांचे स्कार्ट हे जोडणीचे दार सक्तीचे झाले. त्यातून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही संदेश सुटे नेता येत. फ्रान्सची रंगपद्धती सेकाम. गेमच्या यंत्रात तो संदेश तयार करणे अवघड. तीन रंग सुटे पाठवले, की पद्धतीचा प्रश्नच उरत नाही.

वर्गात करून पाहा

हिरव्या, निळ्या, लाल अशा तीन पिनांची कंपोनंट जोडणी असलेला जुना डीव्हीडी प्लेअर आणि तशीच सोय असलेला टीव्ही मिळाला, तर एक छान प्रयोग होतो. प्लेअर कंपोनंटवर ठेवा आणि फक्त हिरवी पिन लावा. चित्र हिरवे दिसेल, असे मुले सांगतील. प्रत्यक्षात ते कृष्णधवल येते! कारण हिरव्या तारेतून तेजस्विता जाते. बाकीच्या दोन तारांत ‘निळा वजा तेजस्विता’ आणि ‘लाल वजा तेजस्विता’ असतात. मग हिरवा कुठे गेला? तेजस्विता म्हणजे साधारण ३०% लाल, ५९% हिरवा आणि ११% निळा यांची बेरीज. लाल व निळा कळले, की हिरवा वजाबाकीने निघतो. व्हालॅन्सींची कल्पना अशी डोळ्यांनी दिसते.

सर्वांत चांगली म्हणजे कोणती?

डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयचे पहिले मानक आले; २००६ च्या प्लेस्टेशन ३ ला ती जोडणी होती. इथे चित्र आकड्यांतच जाते. आकडे नीट पोहोचले, तर महाग तारेने चित्र अधिक सुंदर होत नाही.

पण जुन्या गेमला एचडीएमआयचा डबा जोडला, म्हणजे सारे साधले असे नाही. पिवळ्या पिनेतून मिसळून आलेले चित्र डब्याला पुरते सुटे करता येत नाही. शिवाय जुनी यंत्रे सेकंदाला ६० वेळा सुमारे २४० रेघांचे पूर्ण चित्र काढत. अनेक सपाट टीव्ही त्याला अर्धे चित्र समजून जोडत बसतात आणि उशीर होतो. ‘डक हंट’ची बंदूक अशा टीव्हीवर नेम धरत नाही, कारण तिला पडद्यावरचा उजेड ठरल्या क्षणी लागतो.

आणखी एक गंमत. सेगाच्या मेगाड्राइव्हवरील ‘सॉनिक’ या १९९१ च्या गेममध्ये धबधबा उभ्या पट्ट्यांचा आहे. पिवळ्या पिनेच्या धूसरपणात पट्ट्या मिसळून पाणी पारदर्शक भासते. सुट्या रंगांच्या तारेत नुसते गज दिसतात.

म्हणून तार निवडताना आधी यंत्र काय देते ते पाहावे, मग टीव्ही काय घेतो ते, आणि दोघांना साधणारी सर्वांत सुटी जोडणी घ्यावी. चित्र तरीही धूसर दिसले, तर दोष केवळ यंत्राचा समजू नये. जुना संच बाळगणाऱ्या घरांना बाहेर ठेवायचे नाही, असे ठरले तेव्हाच ती धूसरता स्वीकारली गेली होती.