कण्हदास सोनार आणि आमचे सोनारकाका

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमची आजी सागवानी पेटी उघडीत असे. दिव्यापुढे मांडण्यासाठी तीतून एकेक डाग निघे. काळ्या पोतीतले डोरले, बोरमाळ, गोठ, जोडवी आणि सर्वांत शेवटी वज्रटीक. लाल कापडाच्या पट्टीवर सोन्याचे मणी ओळीने शिवलेले आणि मागे रेशमी गोंडा. "हात लावू नका, नुसते बघा," असे ती म्हणे, आणि आम्ही मुले अर्थातच हात लावीत असू. त्या वज्रटिकेच्या मधल्या ओळीतला एक मणी इतरांहून किंचित तांबूस दिसतो. तो तसा का आहे हे सांगायचे म्हणजे दोन हजार वर्षे मागे जावे लागेल. वाचकहो, फराळाचे ताट जवळ घेऊन बसा, म्हणजे वाट लांबची वाटणार नाही.

माझे बालपण धुळ्यात गेले, आणि आजोळ चाळीसगावचे. धुळे-चाळीसगावच्या छोट्या गाडीने आम्ही सुटीत जात असू आणि दक्षिणेला सातमाळ्याचे डोंगर निळे दिसू लागले की गाव आले असे समजत असू. त्या डोंगरांत पितळखोरे नावाची लेणी आहेत. आज ती छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात मोडतात, पण खानदेशचे मैदान तेथून दूर नाही. इसवी सनापूर्वीच्या शतकांतली ही बौद्ध लेणी. पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळाने तेथे खांबांसाठी दान दिल्याचे लेख आहेत, राजवैद्याचे नाव आहे, त्याच्या मुलीचेही आहे. पण मला थांबायचे आहे ते एका ठेंगण्या यक्षापाशी.

पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी १९५० नंतरच्या दशकात ही लेणी साफ करविली, तेव्हा तिसऱ्या लेण्यापुढचा ढिगारा उपसताना हा यक्ष हाती लागला. त्यावरचा त्यांचा लेख १९५९ साली प्रसिद्ध झाला. यक्ष पोट सुटलेला, दोन्ही हातांनी डोक्यावर वाडगे धरलेला आणि गालभर हसणारा आहे. अंगावर दागिने भरपूर. आणि हाताच्या पंज्यावर ब्राह्मी अक्षरांत एक ओळ, जिचा अर्थ असा की, कण्हदास हिरण्यकाराने हे केले. कण्हदास म्हणजे कृष्णदास, आणि हिरण्यकार म्हणजे सोनार.

मला तर याचे फार नवल वाटते. आपल्या प्राचीन शिल्पांवर दान देणाऱ्यांची नावे पुष्कळ, घडवणाऱ्यांची थोडी. आणि येथे जो घडवणारा नाव सांगतो तो पाथरवट नव्हे, सोनार आहे! सांचीच्या दक्षिण तोरणावरही विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी कोरीवकाम केल्याचा लेख आहे. याचा अर्थ उघड आहे. बारीक कामाचा हात सोनाराकडे आणि दंतकाराकडे तयार होता, दगडाने तो त्यांच्याकडून उसना घेतला. युरोपातही पुढे हेच घडले. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाची कांस्याची दारे ओतणारा गिबर्टी सोनारकामातच शिकला, आणि त्या दारात स्वतःचे मस्तक बसवण्याइतका त्याला स्वतःचा अभिमान होता. चेल्लिनी नावाच्या सोनाराने तर चांगले जाडजूड आत्मचरित्र लिहिले. आमच्या कण्हदासाने एक ओळ लिहिली. तीही मूर्तीच्या हातावर, सहज दिसणार नाही अशी.

त्यानंतर मात्र आमच्याकडे नावे जवळजवळ नाहीतच. जळगावहून अजिंठा किती लांब? सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा मुकुट पाहा, त्याच्या गळ्यातले मोत्यांचे पदर पाहा. चित्रकाराने समोर खरा दागिना ठेवून काढल्यासारखे ते उतरले आहेत. एवढ्या दागिन्यांत नथ मात्र कोठेच नाही. नाकातला अलंकार आपल्याकडे बऱ्याच उशिरा आला, असे भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी साधार दाखवले आहे. आजीला मी हे सांगितले असते तर तिने मानले नसते, हेही खरे.

मराठीत सर्वांत प्रसिद्ध सोनार कोण? नरहरी सोनार. पण त्यांची कीर्ती संत म्हणून. विठ्ठलाच्या कंबरेचा करदोडा मापात बसेना ही गोष्ट घरोघर माहीत आहे; तो करदोडा कशा घडणीचा होता हे मात्र कोणी विचारले नाही.

सोन्याचा हिशेब मात्र आमच्या मुलखात उत्तम झाला. चाळीसगावपासून दहा-अकरा मैलांवर पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. तो तेराव्या शतकाच्या आरंभीचा. भाऊ दाजी लाड यांनी तो गेल्याच्या आधीच्या शतकात विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, सुवर्णगणित म्हणून एक प्रकरणच आहे. शुद्ध सोने सोळा वर्णांचे. तीन तोळे सोळा वर्णांचे आणि एक तोळा बारा वर्णांचे एकत्र आटवले, तर सोळा त्रिक अठ्ठेचाळीस आणि बारा मिळून साठ. चाराने भागले की पंधरा वर्ण. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा मोजणारा आमच्या गल्लीतला सोनार 'लीलावती' वाचलेला नव्हता, पण हे गणित तो फुंकणी तोंडातून न काढता करी.

पुढच्या कित्येक शतकांवरून मी एकदम उडी मारतो. १८६० नंतर अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खानदेशच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास लोहमार्गही भुसावळपर्यंत पोचला. शेतकऱ्याने पैसा ठेवायचा कोठे? बायकोच्या अंगावर. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा त्या काळच्या साहेबांनी लिहून ठेवल्या आहेत. त्यात तिखटमीठ किती असेल ते असो. जळगावात राजमल लखीचंद ही पेढी त्याआधीच, १८५४ साली, उभी राहिली होती, आणि पुढे त्या गावाला सुवर्णनगरी म्हणू लागले. पेढीचे नाव राहते. पेढीमागच्या खोलीत तारपट्टीच्या भोकांतून तार ओढणाऱ्याचे, लाखेवर पत्रा बसवून ठसा मारणाऱ्याचे राहत नाही. त्याच्या आगटीची राख झारेकरी धुऊन नेतात आणि तीतले सोने वेगळे काढतात. त्याच्या घडणीतले त्याचे काय ते कोण वेगळे काढणार?

आता आमच्या सोनारकाकांकडे येतो. धुळ्यात ब्रिग्जसाहेबाने आखलेल्या सरळ गल्ल्यांपैकी एकीत आमचे घर, आणि चार घरे सोडून त्यांची आगटी. आजी त्यांना भाऊ म्हणे. १९६३ च्या जानेवारीत मी नऊ वर्षांचा होतो. चीनच्या युद्धानंतरचे दिवस. परकीय चलन वाचावे, चोरटे सोने थांबावे म्हणून अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणले. चौदा कॅरटहून चोख सोन्याचा नवा दागिना घडवायचा नाही! चौदा कॅरट म्हणजे भास्कराचार्यांच्या मापाने सव्वानऊ वर्णांहून किंचित अधिक. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण देशभर हजारो सोनारांचे हात त्या एका आकड्याने थांबले, कित्येकांनी जीव दिले, हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांत छापून आलेले आहे.

आत्याचे लग्न वैशाखात होते. वज्रटिकेचा एक मणी हरवला होता, तो घडवून हवा होता. एवढेसे काम. काकांनी चौदा कॅरटचा तुकडा आटवला, पत्रा काढला, ठशावर ठेवला. दोनदा तो चिरला. चोख सोने लोण्यासारखे वळते. हे कडक आणि वर तांबूस. तिसऱ्यांदा मणी झाला. तो त्यांनी तळहातावर घेऊन आजीपुढे धरला आणि म्हणाले, "वहिनी, मजुरी घेत नाही. हे माझे काम नव्हे." आजी म्हणाली, "भाऊ, हात तुमचाच आहे ना?" त्यांनी उत्तर दिले नाही.

पावसाळ्यात आगटी बंद झाली. ऐरण आणि सांडशी मोडीवाल्याने नेली. कसोटीचा दगड मात्र काकांनी दिला नाही. थोरला मुलगा एसटीत लागला आणि ते कुटुंब गल्ली सोडून गेले. चौदा कॅरटचे बंधन १९६६ साली उठले, १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदाही १९९० साली रद्द झाला, पण तोवर त्या आगटीच्या जागी सायकलचे दुकान होऊन जुने झाले होते.

पुष्कळ वर्षांनी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मी तो पितळखोऱ्याचा यक्ष पाहिला. हातावरची अक्षरे मला वाचता येत नव्हती, तरी बराच वेळ उभा राहिलो. मग एकाएकी ध्यानात आले की सोनारकाकांचे नाव मला ठाऊक नाही. घरी येऊन आत्याला पत्र लिहिले. वज्रटीक आता तिच्याकडेच असते. तिच्या नातसुनेने मधला मणी बदलून घ्यावा असे सुचवले होते आणि आत्याने तिला झिडकारले होते. आत्याचे उत्तर आठ दिवसांनी आले. चारी मुलांची खुशाली, पाऊसपाणी, गुडघेदुखी असे सगळे लिहून झाल्यावर शेवटी दोन ओळी होत्या: "सोनारकाकांचे नाव विचारतोस. अरे, आम्ही त्यांना सोनारकाकाच म्हणत होतो."